गेंडा आणि पितळेचा बोल्ट

९ मार्च

धाकटे,

इंजिनाची दोन माउंटं, जाड पोलादी पट्टीतून कापलेली. नवं इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांच्यामधली जोडप्लेट, आधी पुठ्ठ्याची, मग प्लायवुडची, मग खरी. तेलाचा चेंबर पुढच्या ॲक्सलला घासत होता, म्हणून कापून उथळ केला आणि पुन्हा वेल्ड केला. आत रॉकेल भरून बाहेरून खडू फासून ठेवला, दुसऱ्या दिवशी खडू कोरडा ठाक, म्हणजे गळती नाही. रेडिएटरचे कान. सायलेन्सरचा पुढचा पाइप. ॲक्सिलरेटरच्या पेडलची बैठक. हीटरच्या पंख्याचा डबा, कारण तू कुडकुडतेस. आणि वायरिंग, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

हे सगळं या दोन हातांनी केलं. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बुश तेवढं कोपऱ्यावरच्या लेथवाल्याने काढलं, पण माप माझं होतं, आणि त्याचं पहिलं बुश मी परत पाठवलं होतं. खोटं श्रेय मला पचत नाही आणि खरं सोडवत नाही.

तर तुझा गेंडा तयार आहे. आप्पांनी खाणीच्या लिलावातून हा ट्रक आणला तेव्हा तू शाळेत होतीस आणि हे नाव तूच ठेवलं होतंस. हिवाळ्यात चढावर त्याच्या इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला आणि दोरीला बांधून तो खाली माझ्या दारात आला, तेव्हा भंगारवाल्यापासून तुझ्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी त्याच्यावर पाणी सोडलं होतं. साहेबांनी तर तुला मुदतच लिहून दिली: एप्रिल संपायच्या आत डोंगर चढणारी धड गाडी दाखवा, नाहीतर वरचा जनावरांचा दवाखाना बंद आणि तुमची बदली खालच्या कचेरीत. ते वाचून तुझी वहिनी म्हणाली, "टेबलावर बसून ही मेंढीची नाडी कशी बघणार? टपालाने?"

नवं इंजिन पावाच्या गाडीचं. मागून कोणीतरी ठोकली म्हणून मालकाने काढून टाकली. पुढचा भाग कोरा करकरीत. जुन्या गेंड्याच्या अख्ख्या अंगात मूठभर वायरी होत्या. या नव्या इंजिनाच्या वायरींचा भारा खांद्यावर टाकून आणावा लागला. मी कोठीच्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढलं, दोन स्टुलांवर आडवं टाकलं, त्यावर खिळे ठोकून भारा पसरला आणि एकेक वायर सोडवली. एअरबॅगच्या, काचा वरखाली करायच्या, मागच्या सरकत्या दाराच्या, सगळ्या वेचून काढल्या. वायर कशाची आहे हे कळेपर्यंत कापली नाही. वहिनी रोज विचारते, दार परत कधी. आता फक्त उंदरांनी विचारायचं राहिलंय.

एक गोष्ट मात्र मुद्दाम बघ. कंपनीने अर्थिंगच्या वायरी वाट्टेल तिकडे नेल्या होत्या. काही जाड, त्या बॉडीला. काही बारीक, त्या बॉडीला न टेकताच गुपचूप इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे परत. एवढा पसारा मला खपत नाही. मी सगळ्या एका जागी आणल्या, एका पितळेच्या बोल्टवर. बोल्ट मीच घासला, मीच पॉलिश केला. बॉनेट उघडलंस की आधी तोच चमकेल.

येत्या रविवारी ये आणि घेऊन जा. येताना कपडे जुने घाल, तुला सगळं खाली झोपून दाखवणार आहे.

तुझा,
दादा


२२ मार्च

दादा,

पोचले. पत्र उशिरा, कारण टपालगाडी आठवड्यातून एकदाच येते आणि मागच्या वेळी मी तिलाच चिखलातून बाहेर ओढत होते. हो, गेंड्याने! टपालवाला म्हणाला, "डॉक्टरीणबाई, हा तोच खोकणारा म्हातारा?" मी म्हटलं, "म्हातारा तोच, फक्त आता खोकत नाही."

काय केलंयस रे तू हे! पहिल्याच चावीला सुरू. कठड्याच्या वाटेवर, जिथे आप्पा पहिल्या गिअरमध्ये टाकून देवाचं नाव घ्यायचे, तिथे मी दुसऱ्यात चढले आणि गाणं म्हणत होते. मेंढपाळांची पोरं ट्रकमागे धावायची, ती आता मागेच पडतात. गरोदर मेंढ्यांची तपासणी दोन कळपांची उरकली. वरचा कळप उरलाय, तिथे बर्फ वितळलं की जाईन.

तुझा बोल्ट मी सगळ्यांना दाखवते. सगळ्यात म्हातारा मेंढपाळ बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हे खरं सोनं असेल तर उघड्यावर ठेवू नका."

मी सकाळी लवकर निघते आणि उजेडी परत येते. काळजी करू नकोस. आप्पांचा लोकरीचा कोट अजून चांगला आहे, तोच घालते.

वहिनीला दार मिळालं का?

धाकटी


२९ मार्च

धाकटे,

कौतुक पोचलं. दोनदा वाचलं, एकदा मोठ्याने.

पण एक विचारतो. तू आप्पांचा कोट का घालतेस? त्या हीटरच्या डब्याला मी चार दिवस घालवले. पंख्याचं पातं घासून घासून आवाज बंद केला. आणि तू इंजिनाबद्दल लिहितेस, बोल्टबद्दल लिहितेस, हीटरबद्दल एक अक्षर नाही. उजेडी परत येते म्हणतेस. तू कधीपासून उजेडी परत यायला लागलीस? लहानपणी तुला अंधार पडल्यावर कान धरून घरात आणावं लागायचं.

वहिनी म्हणते, तिला जुन्या इंजिनाच्या आवाजाची सवय आहे, नवा आवाज परका वाटत असेल, वेळ दे. असेल. आप्पांच्या हातचा आवाज होता तो, मला कळतं. पण मग तसं लिही. मी रागावणार नाही. हे लिहितानाच थोडा रागावलो आहे, पण तेवढाच.

दार मिळालेलं नाही. खिळे अजून काढायचेत.

दादा


५ एप्रिल

दादा,

आवाजाचं काही नाही. मी लपवलं, आणि वाईट लपवलं. कोटाचा उल्लेख करायलाच नको होता.

पहिल्याच आठवड्यात वरून परत येताना धुकं उतरलं. मागे अडलेली मेंढी होती, तिच्या उशाशी तिची मालकीण. मी दिवे लावले, वायपर लावला, मेंढी गारठू नये म्हणून हीटरचा पंखा पुरा सोडला. आणि कठड्याच्या वाटेवर, ऐन वळणात, पेडल गेलं. तुटलं नाही, अडकलं नाही. पाय खाली जातोय आणि गेंड्याला ते कळतच नाही. इंजिन चालू, आपलं गुरगुरतंय, पण जागचं वाढत नाही. समोर एक पिवळा दिवा. मी सगळं बंद केलं, चावी काढली, परत लावली. पुन्हा गुणी बाळासारखा. दिवे लावले, पंखा लावला, पुन्हा तेच. शेवटी दिवे न लावता निघाले. मेंढीची मालकीण कंदील घेऊन पुढे चालत होती आणि मी तिच्या पायांकडे बघत गाडी चालवत होते. ती मधूनच ओरडायची, "या, बाई, या, इथं रस्ता आहे!"

मेंढी वाचली. जुळी झाली.

तुला सांगितलं नाही, कारण तू त्या रविवारी बॉनेट उघडून उभा होतास तेव्हाचा तुझा चेहरा मला दिसत होता. आणि कारण तू दुसऱ्या दिवशी इथे पाने घेऊन हजर झाला असतास, सगळं उपसलं असतंस, आणि महिनाअखेरीस साहेबांकडून गाड्या तपासणारे येतील तेव्हा त्यांना इंजिन चटईवर पसरलेलं दिसलं असतं. मग दवाखाना गेलाच.

पण नुसती बसलेली नाही. जनावर बोलत नाही, दादा. त्याला काय झालंय हे विचारायचं असेल तर एकेक गोष्ट बदलून बघायची आणि बाकी तशीच ठेवायची. मी गेंड्याला अंगणात उभा करून तेच केलं. नुसते दिवे, काही नाही. नुसता पंखा, काही नाही. नुसता वायपर, काही नाही. दिवे आणि पंखा, इंजिन थोडं कापतं, समोरच्या मीटरची सुईपण हलते. तिन्ही एकत्र, पेडल गेलं. बॅटरीवर व्होल्टेज मोजलं, ते ठीक. इंजिन गरम असो, गार असो, काही फरक नाही. म्हणजे दुखणं इंजिनात नाही. जास्त वीज लागली की पेडलचा आवाज कुठेतरी दबतो. कुठे, ते मला कळत नाही. ते तुला कळेल.

रागाव, पण उत्तर लवकर पाठव.

धाकटी


९ एप्रिल

धाकटे,

रागावलो. नोकरीवर, पंपघरात पाळीला होतो, तिथल्या तिथे दोन फेऱ्या मारल्या. सोबतचा वायरमन म्हणाला, "पंप बिघडला का?" मी म्हटलं, "नाही, बहीण." मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि राग कुठे गेला कळलं नाही.

तू काय केलंस ते तुला माहीत आहे का? मी पंचवीस वर्षं गाड्या उघडतोय. माझ्याकडे कोणी दुखरी गाडी आणली तर सांगतो काय, "झटके मारते हो." विचारलं कधी, तर "कधी कधी." आणि तू, धुक्यात, मागे अडलेली मेंढी, दरीच्या कडेला, आणि नंतर थंड डोक्याने अंगणात उभी राहून मला असं लिहून पाठवतेस की मी गाडी न बघता दुखण्यावर बोट ठेवलं. तुझ्यासारखा एक माणूस प्रत्येक गॅरेजात असता तर निम्मे पाने गंजले असते.

दुखणं त्या बोल्टात आहे. हो, त्याच.

पत्र खिशात घालून घरी आलो आणि दारासमोर उभा राहिलो. कोठीच्या. खिळे जागेवर होते, बाजूला माझं खडूचं अक्षर. त्या बारीक वायरींपुढे मीच लिहून ठेवलंय: "कॉम्प्युटरकडे परत. अनावश्यक." वहिनीने मागून वाचलं. "अनावश्यक? हे कोणी ठरवलं?" "मी." "मग बरोबरच असणार," म्हणाली आणि आत गेली. तिचं आत जाणंसुद्धा बोलतं.

नीट समजावतो. पेडल कॉम्प्युटरला एकच गोष्ट दोन वायरींनी सांगतं, दोन साक्षीदारांसारखं. साक्षी जुळल्या तर कॉम्प्युटर इंजिन वाढवतो. जुळल्या नाहीत तर पेडलवरचा विश्वासच काढून घेतो. आता हे साक्षीदार बोलतात अगदी हळू, कुजबुजल्यासारखे. म्हणून कंपनीने त्यांच्या अर्थिंगच्या बारीक वायरी वेगळ्या ठेवून सरळ कॉम्प्युटरकडे नेल्या होत्या, बॉडीला न लावता. आणि दिवे, वायपर, पंखा हे आरडाओरडा करणारे; त्यांच्या जाड वायरी बॉडीला. मी टापटिपीच्या नादात कुजबुजणारे आणि ओरडणारे एका खोलीत कोंबले. दिवसा सगळे गप्प, म्हणून चाललं. मी इथे रस्त्यावर चाचणी घेतली ती भर उन्हात. त्या उन्हात हीटर लावायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

मी येत नाही. सुट्टी मिळेल, पण येत नाही. टाके घालणाऱ्या हातांचं काम आहे हे आणि ते हात तिथेच आहेत. बॅटरीचं काळं टोक आधी काढ. बोल्टचा नट सोड. जाड वायरी तिथेच राहू दे. बारीक, तपकिरी रंगाच्या, हिरव्या रेघेच्या, तेवढ्याच बाहेर घे. पेडलकडून आलेल्या आणि कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या, दोन्ही बाजूंच्या. त्या आपापसात एकत्र जोड, घट्ट. सोबतच्या पुडीत जोडायच्या नळ्या आणि टेप आहे. जोड झाकून टाक आणि तो बॉडीला कुठेही टेकता कामा नये. मग बोल्ट परत आवळ. त्याचं पॉलिश गेलं तरी चालेल.

झालं की उभ्या गाडीत तिन्ही लावून बघ. मगच वाटेला लाग.

दादा


२६ एप्रिल

दादा,

पुडी मिळाली. पण तुझी जोड दाबायची पकड इथे कुठे? शेवटी रक्तवाहिनी धरायचा चिमटा घेतला. तो सोडत नाही, म्हणूनच बनवलेला असतो. मेंढीची मालकीण, तीच कंदीलवाली, छत्री धरून उभी होती. प्रत्येक वायर बाहेर आली की विचारायची, "ही दुखरी का?" मी म्हणायचे, "ही सुद्धा." जोड झाकला, वरून टाका घालायचा रेशमी दोरा गुंडाळला. तुला आवडणार नाही, पण दोरा माझा आहे आणि गाठ सरळ आहे.

मग बसले आणि तिन्ही लावले. वर हॉर्नही दाबून ठेवला. इंजिन जरासुद्धा हललं नाही. पेडलवर पाय ठेवला आणि गेंडा असा डरकाळला की छत्री हातातून उडाली.

गाड्या तपासणारे परवा आले. कानावर पेन, हातात टॉर्च, तोंडावर "हे काय भंगार" असा भाव. बॉनेट उघडलं. बघतच राहिले. म्हणाले, "हे इंजिन या गाडीचं नाही." मी म्हटलं, "नव्हतं." "कुठल्या गॅरेजात केलं?" "भावाच्या अंगणात." "शिकला कुठे?" "तिथेच." त्यांनी जोडप्लेटवरून बोट फिरवलं, तेलाचा चेंबर खाली वाकून बघितला, आणि मग एकदम "अहो" झाले. "तुमचे भाऊ कंपनीत होते का हो?"

कठड्याच्या वाटेवर न्यायला लावलं. धुकं होतंच. मी दिवे, वायपर, पंखा, सगळं लावलं. त्यांनी दाराची कडी घट्ट धरली होती. वर पोचल्यावर उतरले, कागदावर सही केली, आणि म्हणाले, "हीटर छान आहे."

दवाखाना राहिला, दादा. उद्या वरच्या कळपाकडे निघते.

कोट खुंटीला टांगलाय.

धाकटी


२ जून

दादा,

एक माणूस तुझ्याकडे येईल. मीच पत्ता दिलाय. पाहुण्यांना डोंगरात फिरवायचा त्याचा धंदा आहे, नव्या चकचकीत गाड्या आहेत. त्यातली एक कठड्याच्या वाटेखाली रुतली होती, ती गेंड्याने काढली. तेव्हापासून तो माझ्या मागे आहे. म्हणतो, नव्या गाडीची ताकद आणि जुन्या गाडीची हाडं, असं विकत मिळत नाही. मी म्हटलं, अर्धा माझा, अर्धा भावाचा, भावाशी बोला.

तू विकून टाक. मी विचार केलाय. चांगली रक्कम देईल तो. तू अजून ताडपत्रीखाली काम करतोस, पावसात वेल्डिंग थांबतं, गुडघे दुखतात, मला वहिनीने सांगितलंय. चार भिंतींचं पक्कं गॅरेज होईल. गाडी नसली तर दवाखाना बंद होईल आणि मला खाली टेबल मिळेल, तेही काही वाईट नाही. पंखा असतो, चहा जागेवर येतो.

इथे बाकी ठीक. वरच्या कळपात खुरांची साथ आली होती, वेळेत पोचले, एकही दगावलं नाही. त्या म्हाताऱ्या मेंढपाळाने नवीन शिंगराला 'गेंडा' नाव ठेवलंय. घोड्याच्या पोराला! मी हसून हसून बेजार. आता पुढच्या आठवड्यात पलीकडच्या खोऱ्यात जायचंय, तिथे आजवर जनावरांचा डॉक्टर गेलेला नाही, गाडी जायची नाही म्हणून.

पण ते असो. तू विक.

धाकटी


११ जून

धाकटे,

"पण ते असो" हे तुला कधीच लिहिता आलेलं नाही. विकायची कारणं हिशेबासारखी मोजून, आणि शिंगरू, साथ, पलीकडचं खोरं आलं की तुझं अक्षर धावायला लागतं. तू एकेक गोष्ट बदलून बघायला शिकवलंस. मी तुझ्या पत्रातून गेंडा काढून बघितला. खाली काही उरत नाही, फक्त चहा.

माणूस आला होता. बूट इतके स्वच्छ की मी त्याला अंगणातच बसवलं. चांगला आहे तसा, जाणकार आहे. बसल्या बसल्या विचारलं, जोडप्लेट किती जाडीची, आणि मी सांगितल्यावर मान हलवली, बरोबर जागी हलवली. अर्थिंगचं विचारलं. मी सगळं सांगितलं, बोल्टाची फजितीसुद्धा, आणि ती कोणी शोधली तेही. तो म्हणाला, "म्हणजे डॉक्टरीणबाईंनी?" मी म्हटलं, "हो. गाडी मी बांधली, पण डोंगरावर चालण्यासारखी तिने केली." हे मी तुझ्या तोंडावर बोलणार नाही, म्हणून लिहून ठेवलं.

मग त्याने आकडा सांगितला. वहिनी चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. मी नाही म्हटलं. त्याने वाढवला. मी म्हटलं, "साहेब, आमच्यात वाटणी झालीय. मागचा अर्धा बहिणीचा, तो तिने विकायचं म्हटलंय. पुढचा अर्धा माझा, इंजिन त्यात येतं. मागचा घेऊन जायचा तर दोरी मी देतो." तो हसला, पण वही मिटली नाही. "तुमचं वय, तुमची ही ताडपत्री," म्हणाला. "वर काय, चार मेंढ्या." त्यावर वहिनी बोलली. मी नाही, वहिनी. म्हणाली, "मेंढ्या मोजायच्या असतील तर वर जाऊन मोजा. चार नाहीत. आणि चहा गार होतोय."

तू इतकी वर्षं ज्या वाटांवर पायी गेलीस त्या वाटांवर आता कुठे गाडी जाऊ लागलीय. मेंढीला हात लावला की कुठे दुखतं ते तुला कळतं, आणि ट्रकला न शिकताही कळलं. असा माणूस टेबलामागे बसवणं मला परवडत नाही, मग गॅरेजला चार भिंती असोत की आठ. गुडघ्यांचं मी बघतो. पलीकडच्या खोऱ्यात जा. उतारावर चौथ्या गिअरमध्ये जाऊ नकोस.

जाताना त्याने शेवटचा आकडा सांगितला आणि हात पुढे केला. आकडा लिहून ठेवतो, कारण तू विचारशीलच आणि वहिनी तुला वाईट वाटू नये म्हणून कमी सांगेल. चौदा लाख, रोख, त्याच दिवशी. मी हात मिळवला, आणि नाही म्हटलं.

दादा